शोध लवकर, प्रतिबंध उशिरा

गर्भजलात अल्फा-फीटोप्रोटीन या प्रथिनाची पातळी वाढली असेल तर गर्भाची मज्जानलिका (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात) उघडी असण्याचा संभव असतो, हे ब्रॉक आणि सटक्लिफ यांनी १९७२ मध्ये एडिंबरात दाखवले. तोवर बाळ जन्मल्यावरच कळणारा स्पायना बायफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला असा दोष, त्यामुळे गर्भातच ओळखता येऊ लागला. १९७७ पर्यंत हीच तपासणी आईच्या रक्तावर होऊ लागली. मग १९८६ मध्ये निकोलाइडिस, कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीतल्या दोन खुणा नोंदवल्या: लिंबासारखे डोके आणि केळ्यासारखा वळलेला लहान मेंदू. पाठीवरचा बारीक दोष हुडकण्यापेक्षा डोके पाहणे सोपे, म्हणून निदान मोठ्या केंद्रांबाहेरही पोहोचले. आईवडिलांना विचार करायला, उपचारांची तयारी करायला वेळ मिळाला, हे मोलाचेच. पण दोष शोधण्याची विद्या जितक्या झपाट्याने रुजली, तितक्या वेगाने तो टाळण्याचा उपाय रुजला नाही, आणि या पन्नास वर्षांतले मोठे अपयश मला तेच वाटते.

उपाय १९९१ पासून हातात होता. सात देशांतल्या ३३ केंद्रांवर झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीत, आधी असा दोष असलेले अपत्य झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड घेतले, तेव्हा पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणजे बहुतेकींना दिवस गेल्याचे कळते तेव्हा ती वेळ टळत आलेली असते. म्हणून फोलिक ॲसिड रोजच्या पिठातच हवे. अमेरिकेने १९९८ पासून सक्ती केली आणि तिथे हे दोष ठळकपणे घटले. चाचणीत पुढाकार घेणाऱ्या ब्रिटनचा कायदा मात्र २०२४ मध्ये आला. बी-१२ची कमतरता झाकली जाईल, हा आक्षेप खोटा नाही आणि शाकाहारी घरांत तर तो गंभीरपणे घ्यावा. पण त्यावर उत्तर बी-१२ तपासणे आणि देणे हे आहे, फोलिक ॲसिड रोखणे नव्हे.

आता गर्भातच शस्त्रक्रिया होते, मग एवढा आग्रह कशाला, असेही म्हटले जाते. २०११ च्या ‘मॉम्स’ चाचणीत गर्भशस्त्रक्रियेमुळे मेंदूतले पाणी वाहून नेणाऱ्या शंटची गरज ८२ वरून ४० टक्क्यांवर आली, आधाराविना चालू शकणाऱ्या मुलांचे प्रमाण दुप्पट झाले. हे यश खरेच मोठे. तरीही गर्भशस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के बाळांचा जन्म अकाली झाला, आईच्या गर्भाशयावर कायमचा व्रण राहिला, आणि अनेक मुलांना पुढेही शंट लागलाच. दुखापत कमी करणे आणि ती होऊच न देणे यांत हे अंतर उरतेच.

आपल्याकडे फोलिक ॲसिडची गोळी बहुधा गरोदरपणाची नोंदणी झाल्यावर मिळते. ती लग्नानंतरच्या पहिल्या सल्ल्यातच द्यायला हवी. मूल हवे असणाऱ्या प्रत्येक स्त्रीने गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यावे, आणि पूर्वी असा दोष असलेले अपत्य झाले असेल तर जास्त मात्रेबद्दल डॉक्टरांना आधीच विचारावे.