खुडूक काबरी

आमच्या सोलापूरच्या परसात कोंबड्या आल्या 2020 च्या मार्चमध्ये. चिकन खाल्लं की कोरोना होतो, अशी अफवा तेव्हा जोरात होती आणि कोंबड्या कवडीमोलानं जात होत्या. मोहोळकडच्या पाव्हण्यांनी चार गावरान तलंगा आणि एक कोंबडा डालग्यात घालून दिला. वहीतल्या तेव्हापासूनच्या नोंदी चाळल्या, तर बरीचशी पानं त्या चौघींतल्या एकट्या काबरीनंच भरलेली आहेत.

पहिल्याच उन्हाळ्यात ती खुराड्यातून उठेना. हात पुढं केला की पिसं फुलवून गुरगुरायची. आजारी समजून मी औषधाला निघालो, तेव्हा शेजारच्या अव्वा कुंपणापलीकडून हसल्या, ‘‘अरे बाळा, खुडूक बसलीय ती!’’

मग सगळे उपाय झाले. पाण्यात बुडवून काढली, डालग्याखाली झाकली. थोड्या वेळानं बाई पुन्हा जागेवर. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक अंगात वाढलेलं असताना ओल्या पिसांनी काय होणार? पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिची ऊब थेट अंड्याला लागते. शरीराचीच तयारी झालेली असते. बसवायची नसेल, तर जाळीच्या तळाचा पिंजरा उंचावर टांगून त्यात ठेवावी, खालून वारा लागून पोट गार पडतं. हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी हार मानून अकरा अंडी दिली. मे महिना, वर पत्र्याचं छप्पर, बाहेर 43 अंश. बाकीच्याही तिथंच अंडी घालून जायच्या, त्यामुळं जुनं कुठलं, ताजं कुठलं, पत्ता लागेना. 21 दिवसांनी तीन पिल्लं निघाली. तेव्हापासून बसवण्याचं काम दिवाळीनंतर, अंड्यांवर पेन्सिलीची खूण, आणि सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात तपासणी. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या, तर अंडं ठेवायचं.

पण मला खरं गुंतवलं ते कळपातल्या मानानं. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डेरुप-एबेनं 1922 मध्ये यावर लिहिलं: कोण कोणाला चोच मारू शकते, याची कोंबड्यांत उतरंड असते. आमच्यात तांबडी वरची, काबरी तळाची. रवणावर असताना काबरी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं उठायची. तुरा फिका, अंग फुगलेलं. तेवढ्यातही तांबडी तिला दाण्यावरून हुसकून लावायची.

विसाव्या दिवशी कवचाआडून चिवचिव ऐकू आली आणि काबरी खालच्या आवाजात कुक्-कुक् करून उत्तर देऊ लागली. पिल्लं घेऊन ती बाहेर पडली, तेव्हा ज्वारीच्या कण्यांवर तांबडी नेहमीच्या तोऱ्यात आली. काबरी पंख पसरून अशी अंगावर धावली, की तांबडी थेट लिंबाखाली! सहा-सात आठवडे राज्य काबरीचं. कोंबडासुद्धा वाट सोडायचा. मग एके सकाळी तिनं पिल्लांनाच टोचून दूर केलं आणि संध्याकाळपर्यंत तांबडीनं तिला पुन्हा भांड्यावरून हाकललं. माझ्या वहीत हे तीनदा घडलंय. मान कोंबडीचा नव्हताच, पिल्लांचा होता. माणसांतही अशी घरं मी पाहिलीत, पण ते असो.

गेल्या हिवाळ्यात काबरी पुन्हा बसली, पण अंडी बाद निघाली. रात्री अंधारात तिच्या पोटाखाली गिरिराजाची एक दिवसाची सहा पिल्लं सरकवली. ही संकरित जात बंगळुरूची, झपाट्यानं वाढणारी. सकाळी काबरी त्यांना कण्या दाखवत होती. पिल्लांना सातव्या दिवशी लासोटा लस दिली, कारण मानमोडीनं आसपासची खुराडी रिकामी केलेली पाहिली होती.

पाचव्या आठवड्यात ती पिल्लं जवळपास तिच्याएवढी दिसू लागली. तरी अंधार पडला की सहाही जणं तिच्या पंखाखाली शिरायची. डोकी आत, बाकी सगळं अंग बाहेर थंडीत, आणि मधे काबरी जमिनीपासून चांगली वीतभर वर उचललेली.