कुडाच्या भिंतीवरून कागदावर

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या आसपास पाड्यापाड्यांवर वारली वस्ती आहे. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर शेणमातीचे लिंपण, वर गेरूचा हात, ही वारली चित्राची जुनी भिंत. रंग एकच, पांढरा. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेघ ओढायची. ओली रेघ फिकट दिसते, वाळली की पांढरीशुभ्र होते. म्हणजे काढणाऱ्याला आपले चित्र नीट दिसायचे ते काढून झाल्यावरच!

हे चित्र मूळचे लग्नाचे आणि बायकांच्या हातचे. सवाशिणी चौक लिहितात, त्यात मधोमध पालघट देवी. शेतावरची माणसे, झाडे, जनावरे यांना जागा चौकाबाहेरची, उरेल तेवढी. कागद आला आणि ही कडेची मंडळी मधोमध सरकली. पुढे तर चौकाशिवायच चित्रे होऊ लागली.

कागद आणला तो चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या बायकांच्या हाती त्यांनीच कागद दिला होता. इकडे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे त्यांना भेटले. आई गेल्यावर लहानपणी मशे यांचे बोलणे बंद झाले होते. सांगायचे ते धुळीत रेघा ओढून सांगत. बायकांची ही कला पुढे या पुरुषाने रोजची केली. १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९मध्ये पॅरिसचे प्रदर्शन, २०११मध्ये पद्मश्री असा त्यांचा प्रवास झाला. २०१८मध्ये ते गेले.

त्यांच्या चित्रातले मासेमारीचे जाळे जवळून पाहावे. कागदभर बारीक रेघांची वीण पसरलेली, आणि ते जाळे टाकणारा माणूस मात्र बोटाच्या पेराएवढा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड झाले. पण त्या त्रिकोणांचा कल किंचित बदलला की तोच माणूस वाकतो, ओढतो, नाचतो. डोळे-नाक काढायची गरजच पडत नाही.

२०१४मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळाले. तरी कपांवर आणि पडद्यांवर छापलेला तारपा या फुंकवाद्याभोवतीचा नाच बहुतेक वेळा निर्जीव वाटतो. तारपा वाजवणाऱ्याकडे नाचणाऱ्यांनी पाठ करायची नसते, एवढा साधा दंडकही छापणाऱ्यांना ठाऊक नसतो.