हिरोशिमाची माझदा

माझदा ही जपानी मोटार कंपनी ३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमा शहरात सुरू झाली, तेव्हा तिचा मोटारींशी काही संबंध नव्हता. ‘टोयो कॉर्क कोग्यो’ असे तिचे नाव होते आणि ती बुचाचा माल तयार करत असे. पहिल्या महायुद्धाने युरोपातून येणारे बूच अडले, म्हणून स्थानिक ओकच्या सालीपासून पर्यायी बूच काढायचा हा उद्योग होता. युद्ध संपले, आयात पुन्हा सुरू झाली आणि धंदा लवकरच डळमळू लागला. १९२१ मध्ये कंपनीची सूत्रे जुजिरो मात्सुदा यांच्याकडे आली. १८७५ मध्ये एका मच्छीमाराच्या घरात त्यांचा जन्म झाला होता, आणि पोरवयातच ओसाकाला जाऊन ते लोहारकाम शिकले होते. भाता, ऐरण, घण यांच्या सहवासात वाढलेल्या या माणसाने बुचाच्या कारखान्यात यंत्रे बनवायला सुरुवात केली. १९२७ मध्ये नावातला ‘कॉर्क’ गळाला, आणि १९३१ मध्ये कंपनीची पहिली गाडी रस्त्यावर आली. तिला तीन चाके होती.

‘माझदा-गो’ नावाची ती गाडी पुढून मोटारसायकल होती. चालक खोगीरासारख्या सीटवर बसून हँडल धरायचा आणि त्याच्या पाठीमागे माल ठेवायचा हौदा असायचा. महाराष्ट्रात बजाज टेम्पोच्या तीनचाकीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द घरोघरी रुळला. माझदा-गो त्याच कुळातली, पण जवळपास पाव शतक आधीची. अरुंद गल्ल्यांमधून भाजी, मासळी, कोळसा वाहणाऱ्या जपानी दुकानदाराला परवडेल असे वाहन तेच होते.

नावाची कथा मुंबईकरांना जवळची वाटावी अशी आहे. पारशी समाजाच्या अग्यारीत ज्याची उपासना होते त्या अहुर मज्दावरून, म्हणजे प्राचीन इराणच्या ज्ञान आणि प्रकाशाच्या देवावरून, ते घेतले आहे. जुजिरो यांच्या ‘मात्सुदा’ या आडनावाशी ते जुळतेही. जपानी लिपीत कंपनी आजही स्वतःचे नाव ‘मात्सुदा’ असेच लिहिते. कंपनीचे अधिकृत नाव मात्र १९८४ पर्यंत ‘टोयो कोग्यो’ होते.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस. त्या सकाळी ते लवकर उठून शहरात केस कापायला गेले. दुकानात पहिला नंबर त्यांचा लागला, म्हणून काम लवकर आटोपून ते मोटारीने परत निघाले. सव्वाआठच्या सुमाराला अणुबाँब पडला, तेव्हा शहराचा मध्यभाग मागे राहिला होता. कारखाना स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे पाच किलोमीटरवर होता आणि मध्ये हिजियामा नावाची बुटकी टेकडी होती. स्फोटाच्या लाटेचा बराच मार त्या टेकडीने झेलला. छपरे उचकटली, काचा फुटल्या, पण इमारती उभ्या राहिल्या. शहरात गेलेली कंपनीची माणसे मात्र परतली नाहीत.

उभी राहिलेली ती वास्तू मग साऱ्या जिल्ह्याची झाली. जखमींवर तेथे उपचार झाले, आणि कार्यालये बेचिराख झाल्यामुळे हिरोशिमा प्रांताचा कारभारही काही महिने तेथूनच चालला. डिसेंबर १९४५ मध्ये, म्हणजे चार महिन्यांत, तीनचाकी गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. ढिगारे उपसायला आणि लाकूड, सिमेंट वाहायला त्यांचीच गरज होती. हिरोशिमाकर या कंपनीकडे केवळ नोकरी देणारा कारखाना म्हणून पाहत नाहीत, त्याचे मूळ या चार महिन्यांत आहे. शहराच्या बेसबॉल संघाच्या ‘हिरोशिमा टोयो कार्प’ या नावातला ‘टोयो’ तो टोयो कोग्योचाच.

चारचाकी मोटारीत कंपनी उशिरा उतरली. १९६० मध्ये आलेली आर३६० कूपे जेमतेम ३८० किलो वजनाची होती आणि स्वस्त असल्याने खूप खपली. पण त्याच सुमाराला एक संकट घोंघावत होते. परदेशी मोटारींशी टक्कर द्यायची तर देशात मोजक्याच मोठ्या कंपन्या असाव्यात, असे जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाला वाटू लागले होते. टोकियोपासून दूर असलेली हिरोशिमाची ही मध्यम कंपनी कुणाच्या तरी पोटात जाणार, अशी लक्षणे होती. दुसऱ्या कुणाकडे नाही असे काही आपल्याकडे हवे, हे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी ओळखले आणि ते जर्मनीला गेले. तेथे एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेतले एक वेगळेच इंजिन आकार घेत होते. १९६१ मध्ये त्याच्या परवान्याचा करार पक्का झाला.

नेहमीच्या इंजिनात पिस्टन खालीवर होतो आणि क्रँकशाफ्ट त्या हालचालीचे फिरण्यात रूपांतर करतो. प्रत्येक फेऱ्याला पिस्टन दोनदा थांबतो आणि दोनदा उलटा फिरतो. थरथर येते ती मुख्यतः यातूनच. वांकेल इंजिनात पिस्टन नाही आणि व्हॉल्व्हही नाहीत. शेंगदाण्याच्या टरफलासारख्या, मध्ये किंचित आवळलेल्या पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोण फिरतो. त्याला रोटर म्हणतात. रोटरची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत चिकटून असतात, त्यामुळे तीन कप्पे तयार होतात. फिरता फिरता हे कप्पे लहानमोठे होतात आणि हवा-इंधन ओढणे, दाबणे, पेटवणे, धूर बाहेर टाकणे ही चारही कामे एकाच फेऱ्यात उरकतात. इंजिन लहान, हलके आणि शिलाईयंत्रासारखे सरसर चालणारे.

कागदावर ते असे देखणे होते. खरी अडचण त्या तीन टोकांशी होती. प्रत्येक टोकाला एक पातळ पट्टी बसवलेली असते, ती सील. कप्प्यातला वायू शेजारच्या कप्प्यात गळू नये म्हणून ती भिंतीला घासत मिनिटाला हजारो वेळा फिरते. हिरोशिमात बनलेले पहिले नमुने काही काळ चालले आणि मग त्यांची ताकद ओसरली. उघडून पाहिले तर आतल्या गुळगुळीत भिंतीवर धोपटण्याच्या फळीसारख्या लाटा उठल्या होत्या. इंजिनिअरांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव दिले.

१९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या हाताखाली रोटरी संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्यात ४७ जण होते. आपल्या मालकासाठी जिवावर उदार झालेल्या ४७ रोनिन सामुराईंची गोष्ट जपानमध्ये लहान मुलालाही ठाऊक असते, म्हणून या मंडळींनाही तेच नाव मिळाले. यामामोतो टोकियोच्या विद्यापीठात शिकलेले इंजिनिअर. युद्धानंतर ते गावी परतले, तेव्हा अणुबाँबने त्यांची धाकटी बहीण हिरावून नेली होती. कंपनीत त्यांनी सुरुवात केली ती कारखान्यातल्या साध्या कामगाराच्या जागेवर. ओरखड्यांचे कारण त्यांच्या चमूने शोधून काढले: सील भिंतीवरून घसरत नव्हती, एका विशिष्ट लयीत थरथरत उड्या मारत होती. सीलमध्ये आडवी-उभी भोके पाडून तिची लय बदलली, तेव्हा ओरखडे थांबले. पुढे उत्पादनासाठी कार्बन आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाची सील तयार झाली, आणि ३० मे १९६७ रोजी दोन रोटरची ‘कॉस्मो स्पोर्ट’ बाजारात आली. तिच्या फक्त १,१७६ गाड्या बनल्या.

त्याच वर्षी एनएसयूनेही आपली रोटरी मोटार विकायला काढली. ती घाईने आली होती. सील झिजल्या, गिऱ्हाइकांना इंजिने बदलून देता देता कंपनीची तिजोरी रिकामी झाली आणि १९६९ मध्ये ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मोठी रक्कम मोजून परवाना घेतला आणि काही वर्षांत प्रकल्प गुंडाळला. रोटरी तडीस नेणारी मोठी कंपनी एकटी माझदा उरली. भिंतीवरचा एक ओरखडा पुसायला वर्षानुवर्षे देणारी माणसे तिच्याकडे होती, या यशाचे फार मोठे श्रेय त्यांना आहे.

पण रोटरीचा दुसरा दोष तिच्या घडणीतच होता. पेटणारा कप्पा लांब आणि चपटा असल्याने बरीच उष्णता भिंतींत जिरते आणि थोडे इंधन न जळताच बाहेर पडते. साध्या भाषेत, गाडी अॅव्हरेज देत नाही. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा माझदाचा बहुतेक डाव रोटरीवरच लागलेला होता. अमेरिकेत विक्री कोसळली आणि गोदामे भरली. सुमितोमो बँकेने कंपनी सावरली, कारभारावर लक्ष ठेवायला आपली माणसे पाठवली. कारखान्यातल्या कामगारांना गाड्या विकायला देशभरच्या विक्रेत्यांकडे धाडण्यात आले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या फोर्डने सुमारे एक चतुर्थांश भागभांडवल घेतले.

येथे रोटरी सोडून देणे सोपे होते. यामामोतोंच्या विभागाने मात्र इंधनाचा खप ४० टक्क्यांनी सुधारण्याचे उद्दिष्ट घेतले आणि त्या मोहिमेला ‘फीनिक्स’ हे नाव दिले. १९७८ ची आरएक्स-७ ही त्यानंतरची गाडी, सामान्य पगारदाराच्या आवाक्यातली स्पोर्ट्स कार.

फ्रान्समधल्या ल माँ येथील २४ तासांच्या शर्यतीत १९९१ मध्ये जे घडले त्याने रोटरीचे नाव कायमचे कोरले. नारिंगी-हिरवी, ५५ क्रमांकाची ७८७बी ही चार रोटरची गाडी एकोणिसाव्या स्थानावरून निघाली. हलकी असल्यामुळे तिला इंधन पुरवून वापरता येत होते. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या तीन तासांत तापून बंद पडली आणि माझदा पुढे गेली. फोल्कर वाइडलर, बर्ट्रांड गाशो आणि जॉनी हर्बर्ट या तिघांनी ३६२ फेऱ्या पूर्ण केल्या. अखेरची पाळी चालवणारा हर्बर्ट शरीरातले पाणी संपून असा गळून गेला, की विजेत्यांच्या चौथऱ्यावर चढायला तो उभाही राहू शकला नाही. ल माँ जिंकणारी ही पहिली जपानी गाडी. दुसरा जपानी विजय यायला २०१८ साल उजाडले. माझदा जिंकली म्हणून रोटरीवर बंदी आली, असे अनेकदा सांगितले जाते, पण ते खरे नाही. पिस्टनच्या साडेतीन लिटर इंजिनांचा नियम आधीच ठरला होता, आणि ती शर्यत ही रोटरीची जवळजवळ शेवटची संधी होती.

माझदाचे नाव आज जगभर सर्वाधिक ठाऊक आहे ते मात्र साध्या पिस्टन इंजिनाच्या एका छोट्या गाडीमुळे. १९८९ मध्ये आलेली एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची, कमी वजनाची मोटार. अशा गाड्या ब्रिटिशांनी लोकप्रिय केल्या होत्या, पण त्या नादुरुस्तीमुळे बदनाम झाल्या आणि बाजारातून गेल्या. माझदाने तीच मजा दिली आणि गाडी रोज सकाळी निमूट सुरू होईल अशी बनवली. तिच्यामागची कल्पना ‘जिन्बा इत्ताई’ या शब्दांत सांगतात: घोडा आणि स्वार एकजीव होणे. धावत्या घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी धनुर्धरांच्या परंपरेतून ती आली आहे. २०१६ मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ बाहेर पडली. दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्ये इतका खप दुसऱ्या कुणाचा नाही.

त्याच काळात कंपनीने एक मोठी चूक केली. जपानमधल्या तेजीच्या भरात तिने विक्रीच्या पाच वेगवेगळ्या साखळ्या उघडल्या. तेजी ओसरली आणि कर्ज उरले. १९९६ मध्ये फोर्डचा वाटा ३३.४ टक्क्यांवर गेला आणि हेन्री वॉलेस अध्यक्ष झाले. जपानी मोटार कंपनीच्या प्रमुखपदी आलेले ते पहिले परदेशी. २००८ च्या मंदीत फोर्डलाच पैशांची गरज पडली, तिने बहुतेक भाग विकले आणि माझदा पुन्हा एकटी पडली.

एकटी पडल्यावरचे तिचे काम रोटरीच्याच स्वभावाचे होते. सारे जग बॅटरीकडे वळत असताना तिने पेट्रोल आणि डिझेल इंजिने मुळापासून नव्याने आखली. पेट्रोल इंजिनात दाब वाढवायचा, डिझेलमध्ये कमी करायचा, आणि दोन्ही १४ ला १ या एकाच प्रमाणावर आणायचे. २०१२ च्या सीएक्स-५ पासून ही ‘स्कायअॅक्टिव्ह’ इंजिने साऱ्या गाड्यांत आली. रूपही बदलले. नव्या शैलीचे कर्ते इकुओ माएदा हे पहिल्या आरएक्स-७ च्या शिल्पकाराचे चिरंजीव.

लौकिकाचा हिशेब मांडायचा तर तो सरळ रेषेत जात नाही. एकेकाळी माझदाच्या पत्र्याला गंज लवकर धरतो अशी ओरड होती. आरएक्स-८ या रोटरी गाडीच्या इंजिनावरची हमी कंपनीला अमेरिकेत वाढवून द्यावी लागली. दुसरीकडे अमेरिकेच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या २०२० च्या पाहणीत गाडी न बिघडण्याच्या निकषावर माझदा पहिली आली. २०२४ मध्ये जपानमधल्या अनेक कंपन्यांच्या चाचण्यांमधले गैरप्रकार उघड झाले, त्यात तीही होती. टक्कर चाचणीत एअरबॅग सेन्सरऐवजी टायमरने उघडल्याचे तिला मान्य करावे लागले. काटेकोरपणा हीच ज्या कंपनीची ओळख, तिच्यासाठी ही गोष्ट लाजिरवाणी होती. आकाराने ती आजही लहानच आहे: वर्षाला साधारण बारा-तेरा लाख गाड्या, तर टोयोटाच्या सुमारे एक कोटी. २०१७ पासून टोयोटाचा तिच्यात थोडा हिस्साही आहे.

भारतात माझदाच्या मोटारी कधी अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. मराठी माणसाला हे नाव ओळखीचे झाले ते पंजाबमध्ये बनणाऱ्या ‘स्वराज माझदा’च्या छोट्या ट्रकमुळे आणि शाळेच्या मिनीबसमुळे. त्या कंपनीचे नाव २०११ मध्ये एसएमएल इसुझू झाले, आणि २०२५ मध्ये ती मुंबईच्या महिंद्राकडे आली.

आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले, तेव्हा रोटरी संपली असे बहुतेकांनी धरले. २०२३ मध्ये ती एमएक्स-३० या विजेच्या गाडीत परतली, एकाच रोटरची, ८३० सीसीची. आता ती चाके फिरवत नाही, बॅटरी उतरली की जनित्र चालवून ती भरते. एका ठरावीक वेगाने फिरत राहायचे असेल तर रोटरीची खादाड वृत्ती बरीच आटोक्यात येते, आणि लहान आकार व शांत चाल हे गुण तेवढे कामी येतात. १ फेब्रुवारी २०२४ रोजी हिरोशिमात रोटरी इंजिनाचा विकास गट पुन्हा स्थापन झाला.