चिपचा नक्शा : आधी हुनर, मग खर्च

कापडाच्या धंद्यात आम्ही उमर काढली. जॅकार्डचा नक्शा आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. तिथली चूक पुसता येते, विणलेल्या ताग्यातली नाही. चिपचेही तसेच आहे. चूक राहिली तर मोठी रक्कम बुडते, म्हणून सारी तपासणी आधी सॉफ्टवेअरवर होते.

भाईंदर पश्चिमेला आमच्या दुकानात एक कारागीर आले. मुलगा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला. "शेठ, चिप डिझाइनच्या क्लाससाठी दागिने गहाण ठेवू का?"

आम्ही म्हटले, "भाई, जरा थांबा."

पवईच्या आय.आय.टी.च्या 'फॉसी' प्रकल्पाने 'ई-सिम' मोफत दिले आहे. त्यात सर्किट काढावे आणि 'एनजी-स्पाइस'ने ते चालते का, हे पाहावे. पुढे चिपवरील मांडणीसाठी बर्कलेत 1980च्या दशकात घडलेले 'मॅजिक' आहे, तेही फुकट. तारांची रुंदी किती, अंतर किती, हे कारखाना ठरवतो. अमेरिकेच्या स्कायवॉटर कंपनीचे 130 नॅनोमीटरचे असे नियम 2020 साली गूगलच्या साथीने सर्वांना खुले झाले.

नोकरीत महागडी सॉफ्टवेअर लागतात, ती पुढे शिकावीच लागतील. पण आधी घरच्या संगणकावर हात बसू द्या. नमुना पसंत पडण्याआधी ताग्याची ऑर्डर कोण देतो?