झाडाची तहान

कुंडीतील मोगरा मलूल दिसला, की आपण पाण्याचा तांब्या घेऊन धावतो. त्याला तहान लागली असणार, दुसरे काय! परंतु कधी कधी माती ओलीचिंब असतानाही पाने माना टाकतात. अशा वेळी हाच तांब्या झाडाच्या जिवावर उठतो. असे का व्हावे?

मुलांनो, मुळेही श्वसन करतात. मातीच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात व त्यांत हवा खेळत असते. त्या हवेवरच मुळांचे जीवन चालते. पाणी सतत साचून राहिले, म्हणजे या पोकळ्या पाण्याने भरून जातात. मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषून वर पाठविता येत नाही. त्यामुळे पाण्यात उभे असलेले झाड तहानेने वाळते! त्याची ती दशा पाहून आपण आणखी पाणी ओततो. उपेक्षेपेक्षा अशा मायेनेच घरातील झाडे अधिक दगावत असावीत, असे मला वाटते.

मग पाणी द्यावे तरी केव्हा? हे घड्याळाला न विचारता मातीला विचारावे. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून पाहावीत. आत ओल लागली, तर तांब्या खाली ठेवावा. कोरडे लागले, तर मात्र हात आखडता घेऊ नये. कुंडीच्या बुडाच्या छिद्रातून पाणी ठिबकेपर्यंत द्यावे. वरवर शिंपडलेले पाणी खालच्या मुळांपर्यंत पोहोचत नाही. खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाकावे, हे सांगावयास नकोच.

झाड किती पाणी पिईल, हे पुष्कळसे उजेडावर अवलंबून असते. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने सूर्यफुलाची एक कुंडी रोज सकाळ-संध्याकाळ वजन करून पाहिली. मातीतून वाफ निघून जाऊ नये, म्हणून कुंडीचे तोंड त्याने शिशाच्या पत्र्याने झाकले होते. तरीही दिवसा तिचे वजन बरेच घटे, रात्री मात्र अगदी थोडे. पाणी पानांवाटे बाहेर पडत होते. हे प्रयोग त्याने १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

म्हणूनच अंगणातील कुंडी घरात आणली, की तिचे पाणीही कमी करावे लागते. तुळस, मोगरा, जास्वंद ही उन्हात रमणारी झाडे. ती दिवाणखान्यात खंगतात. मनीप्लँटला खिडकीतला उजेड पुरतो. कोरफड आपल्या जाड पानांत पाण्याचा साठाच बाळगून असते, तिला विसरलेले चालते. खोलीतील उजेड पारखताना आपले डोळे फसतात. आपल्याला लख्ख वाटणारा कोपरा झाडाला अंधारा असू शकतो. तेथे झाडाची पेरे लांबतात, पाने फिकी पडतात, शेंडा खिडकीकडे वाकतो. अशी कुंडी खिडकीजवळ सरकवावी व दर आठवड्याला थोडी फिरवावी. मात्र सावलीत वाढलेले झाड एकदम वैशाखाच्या उन्हात नेऊ नये, त्याची पाने करपतात. आधी काही दिवस सकाळचे कोवळे ऊन द्यावे, मग हळूहळू वेळ वाढवीत जावे.