सँडबॉक्स खेळांची प्रकाशनपूर्व चाचणी

मुक्त स्वरूपाच्या व्हिडिओ-खेळाची नवी आवृत्ती सर्वांसाठी प्रकाशित होण्यापूर्वी तिची अपुरी, कच्ची रूपे इच्छुक किंवा निवडक खेळाडूंच्या हाती देऊन तीतील दोष शोधणे व नव्या नियमांचा परिणाम अजमावणे, या पद्धतीस ‘प्रकाशनपूर्व चाचणी’ असे म्हणतात. ‘सँडबॉक्स’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मुलांना खेळण्यासाठी केलेला वाळूचा हौद असा आहे. वाळूत कोणी पाय रोवून खोपा करतो, कोणी किल्ला बांधतो, कोणी विहीर खणतो. काय करावयाचे ते वाळू ठरवीत नाही. त्याचप्रमाणे या प्रकारच्या खेळात ठरावीक कथानक, ठरावीक मार्ग किंवा जिंकण्याची एकच अट नसते. खेळाडूस साधने व नियम दिले जातात आणि त्यांतून त्याने आपले जग स्वतः उभारावयाचे असते.

ही पद्धत शेतीतील वाणांच्या चाचणीशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला एनएचएच-४४ हा संकरित वाण महाराष्ट्राच्या कोरडवाहू क्षेत्रात दीर्घकाळ लोकप्रिय होता. लातूर येथील गळितधान्ये संशोधन केंद्राने सूर्यफुलाचे संकरित वाण दिले आहेत. ही दोन्ही केंद्रे परभणी येथील कृषी विद्यापीठाच्या (स्थापना १९७२) अखत्यारीत आहेत. असा वाण शेतकऱ्यांसाठी ‘प्रसारित’ होण्यापूर्वी तो प्रथम केंद्राच्या प्रक्षेत्रावर, मग निरनिराळ्या हवामानाच्या अनेक ठिकाणी आणि अखेर प्रत्यक्ष शेतकऱ्यांच्या शेतांवर पारखला जातो. केंद्रावर उत्तम आलेले पीक हलक्या जमिनीत किंवा पावसाच्या खंडात टिकेलच असे नाही, हे शेत दाखवून देते. व्हिडिओ-खेळाच्या बाबतीत हे काम खेळाडूंच्या संगणकांवर व खेळाडूंच्या लहरींवर होते. एक भेद मात्र आहे. चाचणीतील पीक हंगामाअखेर कापले जाते. खेळाडूने चाचणीच्या जगात महिनोन्‌महिने उभारलेली रचना त्याला जपून ठेवावयाची असते.

चाचणीची गरज : ठरावीक मार्गाच्या खेळात खेळाडू कोठे जाईल व काय करील याचा अंदाज निर्मात्यास बांधता येतो. सँडबॉक्स खेळात तो बांधता येत नाही, कारण कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूशेजारी ठेवण्याची मुभा असते. एखाद्या खेळात केवळ ५०० प्रकारच्या वस्तू आहेत असे धरले, तरी दोन-दोन वस्तूंच्या १,२४,७५० जोड्या आणि तीन-तीन वस्तूंची २,०७,०८,५०० त्रिकुटे होतात. त्यांत स्थान, वेळ आणि यंत्रांचे विविध प्रकार मिळविले असता सर्व शक्यता तपासणे पगारी परीक्षकांच्या कोणत्याही पथकास अशक्य ठरते.

‘माइनक्राफ्ट’ या घनाकार ठोकळ्यांनी बनलेल्या जगाच्या खेळात याचे एक उदाहरण आढळते. त्याच्या आरंभीच्या आवृत्त्यांत जगाच्या मध्यापासून सुमारे १ कोटी २५ लाख घनांच्या अंतरावर भूमी एकाएकी विस्कटून उंच भिंतीसारखी दिसू लागे. भूरचना ठरविणाऱ्या गणितातील संख्या त्या अंतरावर संगणकाने नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर जात, हे त्याचे कारण होते. खेळाडूंनी ‘दूरचे प्रदेश’ अशा अर्थाच्या नावाने त्यांस प्रसिद्धी दिली. सप्टेंबर २०११ मधील आवृत्तीत भूरचनेची पद्धत बदलल्यावर ते नाहीसे झाले.

अवस्था व संज्ञा : आज्ञावलीच्या अपुऱ्या रूपांना ग्रीक वर्णमालेतील पहिल्या दोन अक्षरांवरून ‘आल्फा’ व ‘बीटा’ ही नावे मिळाली आहेत. आल्फा अवस्थेत खेळाचे मुख्य भाग अद्याप घडत असतात. बीटा अवस्थेत ते बहुतांशी पूर्ण होऊन दोषनिवारणावर भर येतो. निमंत्रितांपुरती मर्यादित चाचणी ‘बंद बीटा’ व सर्वांना खुली असलेली ‘खुली बीटा’ म्हणून ओळखली जाते. प्रकाशित झालेल्या खेळात पुढे भर घालताना मधूनमधून दिल्या जाणाऱ्या कच्च्या आवृत्तीस ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. त्यानंतर नवी भर थांबवून केवळ दुरुस्त्या केलेली ‘प्रकाशनपूर्व आवृत्ती’ आणि शेवटी, मोठा दोष न आढळल्यास जशीच्या तशी प्रकाशित व्हावयाची ‘प्रकाशनार्ह आवृत्ती’ असा क्रम असतो.

इतिहास : डेव्हिड ब्रेबन व इअन बेल यांचा ‘एलीट’ (१९८४) आणि विल राइट यांचा ‘सिमसिटी’ (१९८९) हे या प्रकारातील आरंभीचे महत्त्वाचे खेळ होत. त्या काळी खेळ चकतीवर किंवा फितीवर विकला जाई. विक्रीनंतर दुरुस्ती पोहोचविणे कठीण असल्याने चाचणी कंपनीच्या चार भिंतींतच उरकावी लागे. इंटरनेटच्या प्रसारानंतर ही अडचण दूर झाली आणि अपुरा खेळ लोकांसमोर ठेवून त्यांच्या सहभागाने वाढविण्याची रीत रूढ झाली. टार्न व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंनी ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून आल्फा अवस्थेतच विनामूल्य उपलब्ध ठेवला. त्याची विक्रीची आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली.

या रीतीस सर्वाधिक प्रसिद्धी स्वीडनमधील मार्कुस पेर्सॉन यांच्या ‘माइनक्राफ्ट’ने दिली. मे २००९ मध्ये त्याचे पहिले रूप लोकांपुढे आले. जून २०१० अखेर आल्फा, २० डिसेंबर २०१० रोजी बीटा आणि १८ नोव्हेंबर २०११ रोजी पूर्ण आवृत्ती असा त्याचा प्रवास झाला. आल्फा अवस्थेत ९.९५ यूरो, बीटा अवस्थेत १४.९५ यूरो आणि पूर्ण आवृत्तीस १९.९५ यूरो अशी किंमत चढत गेली. जानेवारी २०११ मध्ये, म्हणजे खेळ अपुरा असतानाच, विक्रीने दहा लाखांचा टप्पा गाठला. डिसेंबर २०११ मध्ये विकासाची मुख्य जबाबदारी येन्स बर्गेनस्टेन यांच्याकडे आली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ व त्याची निर्माती मोजांग ही कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेतली. मार्च २०१३ मध्ये ‘स्टीम’ या विक्रीव्यवस्थेने अपुरे खेळ विकण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा अग्निबाण बांधण्याचा सँडबॉक्स खेळ त्यातील आरंभीच्या खेळांपैकी असून त्याची पहिली पूर्ण आवृत्ती एप्रिल २०१५ मध्ये निघाली.

चाचणीची कार्यपद्धती : माइनक्राफ्टचे स्नॅपशॉट नोव्हेंबर २०११ पासून निघू लागले. पहिल्याचे नाव ‘११डब्ल्यू४७ए’ असे होते. त्यात ११ हे वर्ष, ४७ हा वर्षातील आठवडा आणि ‘ए’ हा त्या आठवड्यातील अनुक्रम दर्शवितो. ही नामपद्धती दीर्घकाळ प्रचलित राहिली. खेळाच्या संगणकीय आवृत्तीचा परवाना असलेल्या कोणासही स्नॅपशॉट वेगळे मूल्य न देता वापरता येतो. स्टॉकहोमचे घड्याळ भारतीय वेळेच्या उन्हाळ्यात साडेतीन व हिवाळ्यात साडेचार तास मागे असल्याने तेथे दुपारी निघालेली आवृत्ती नांदेड-लातूरकडील खेळाडूस त्याच दिवशी सायंकाळी मिळू शकते.

परीक्षकाचे खरे कार्य दोष दिसल्यानंतर सुरू होते. ‘खेळ बंद पडतो’ एवढ्या तक्रारीचा निर्मात्यास उपयोग नसतो. उपयुक्त अहवालात आवृत्तीचे पूर्ण नाव, दोष उत्पन्न करणाऱ्या कृतींचा क्रम, अपेक्षित परिणाम आणि प्रत्यक्ष परिणाम या चार गोष्टी आवश्यक असतात. माइनक्राफ्टमधील प्रत्येक जग ‘बीज’ नावाच्या एका संख्येपासून उत्पन्न होते. एकाच आवृत्तीत तेच बीज दिल्यास कोठेही तीच भूमी तयार होते. म्हणून बीज व स्थानाचे सहनिर्देशक कळविल्यास लातूरला दिसलेली चुकीची भूरचना स्टॉकहोमला तंतोतंत पुन्हा पाहता येते. दोष पुन्हा घडवून दाखविता येणे हीच चाचणीतील मुख्य कसोटी होय. अहवाल देण्यापूर्वी तोच दोष इतरांनी नोंदविला आहे का, हे शोधणेही परीक्षकाचे कर्तव्य मानले जाते.

दोषाचे कारण खेळाबाहेरचे नाही, याचीही खात्री करावी लागते. खेळ चालू असता वीज गेल्यास फाइल अर्धवट लिहिली जाऊन जग नादुरुस्त होऊ शकते. वीजपुरवठा वारंवार खंडित होणाऱ्या भागात हा संभव ध्यानात न घेतल्यास निर्दोष आवृत्तीवर दोष लादला जातो.

जगाची हानी व तिचा प्रतिबंध : कच्च्या आवृत्तीत उघडलेले जुने जग नव्या स्वरूपात बदलून लिहिले जाते आणि पुष्कळदा ते पूर्वीच्या आवृत्तीत सुस्थितीत परत नेता येत नाही. चाचणीच्या आवृत्तीत आलेली एखादी वस्तू पुढे रद्द झाली, तर तिच्यापासून केलेली रचनाही नष्ट होते. म्हणून चाचणीसाठी वेगळे जग तयार करावे, मूळ जगाची प्रत अन्यत्र ठेवावी आणि शक्य तर दोन्हींचे फोल्डर स्वतंत्र असावेत, हा नियम सर्व जाणकार सांगतात. जुलै २०२१ मध्ये जगाची उंची व खोली वाढविणाऱ्या १.१८ या आवृत्तीची प्रायोगिक रूपे याच सावधगिरीपोटी नेहमीच्या यादीत न देता हाताने बसवावयाची म्हणून देण्यात आली होती. ती आवृत्ती ३० नोव्हेंबर २०२१ रोजी प्रकाशित झाली.

खेळाडूंचा निर्णयावरील प्रभाव : दोष आणि वैशिष्ट्य यांतील सीमारेषा अशा खेळांत नेहमी स्पष्ट नसते. माइनक्राफ्टमधील ढकलदांडा वरच्या मोकळ्या जागेस मिळालेल्या प्रेरणेनेही चालतो. हा मूळचा अनपेक्षित परिणाम होता. परंतु खेळाडूंनी त्यावर असंख्य यंत्रे बांधल्याने तो अखेर योग्य वर्तन म्हणून कायम ठेवण्यात आला. याउलट २०१९-२० मध्ये लढाईच्या नव्या नियमांची स्वतंत्र चाचणी-रूपे निघाली, त्यांवर भरपूर चर्चा झाली. तथापि ती मालिका पुढे चालू राहिली नाही. मत विचारले जाते, पण निर्णय निर्मात्याचाच असतो, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

श्रम, मोबदला व कायदा : कंपनीतील परीक्षकास वेतन मिळते, घरी बसून तेच काम करणाऱ्या खेळाडूस सामान्यतः काहीच मिळत नाही, इतकेच नव्हे तर अपुऱ्या खेळासाठी तो स्वतःच पैसे मोजतो. नवी गोष्ट आधी पाहण्याचा आनंद आणि आपल्या सूचनेचा ठसा उमटल्याचे समाधान हाच त्याचा मोबदला होय, असे या पद्धतीचे समर्थक म्हणतात. कंपनीचा खर्च व जोखीम ग्राहकावर ढकलली जाते, हा टीकाकारांचा आक्षेप आहे. पैसे घेऊन खेळ अर्धवट सोडून दिला गेल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून अपुरा खेळ घेताना त्याच्या भावी आश्वासनांपेक्षा आजचे रूप पाहून मूल्य द्यावे, हे हिताचे ठरते.

बंद चाचणीत गुप्ततेचा करार करून घेण्याची प्रथा आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ अन्वये अठरा वर्षांखालील व्यक्ती करारास पात्र नसते. तिने केलेला करार आरंभापासूनच शून्य ठरतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला. चाचणी-आवृत्त्या खेळाडूच्या यंत्राची व वापराची माहितीही निर्मात्याकडे पाठवीत असल्याने पालकांची जबाबदारी वाढते. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हाही अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानतो व तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक ठरवितो.

महाराष्ट्रातील स्थिती : पुणे येथील सुपरगेमिंग या कंपनीने ‘इंडस’ या लढाईच्या खेळाची बंद बीटा चाचणी घेऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये तो प्रकाशित केला. तो सँडबॉक्स प्रकारातील नसला, तरी प्रकाशनपूर्व चाचणीचे राज्यातील ठळक उदाहरण आहे. आज्ञावली-चाचणी हा विषय महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या संगणक अभियांत्रिकी पदविकेत स्वतंत्रपणे शिकविला गेला असून मंडळाशी संलग्न शासकीय तंत्रनिकेतने नांदेड व लातूर येथेही आहेत. वर्गात शिकलेली दोषनोंदीची शिस्त एखाद्या स्नॅपशॉटवर वापरून पाहणे विद्यार्थ्यास सहजसाध्य आहे. अडचण भाषेची आहे. माइनक्राफ्टची अधिकृत दोषनोंद इंग्रजीत करावी लागते. त्यामुळे मराठी माध्यमातील मुलाला दिसलेला दोष पुष्कळदा त्याच्या मित्रमंडळातच राहतो. मात्र कृतींचा क्रम, बीज व सहनिर्देशक नीट मांडले, तर अल्प शब्दांत लिहिलेला अहवालही पुरेसा होतो. बहुस्थानीय चाचणीत ज्या ठिकाणाहून नोंद येत नाही तेथील अडचण वाण प्रसारित झाल्यावरच कळते. खेळांच्या चाचणीसही हेच लागू पडते.