पंप खोलण्याआधी

पस्तीस-चाळीस एचपीचा जुना ट्रॅक्टर, त्याच्या पुढं बसवलेला लोडर आणि ऐन उन्हाळ्यात शेणखत किंवा मुरूम भरायची घाई. सकाळी बकेट झटक्यात वर जाते. दुपारी तीच बकेट, तेवढाच माल, पण लोडर कुंथायला लागतो. लिव्हर ओढून धरला तरी बकेट अर्ध्यावर थबकते, इंजिनचा आवाज चढतो आणि ट्रॉलीजवळ उभे असलेले लोक एकमेकांकडे पाहू लागतात. अशा वेळी गॅरेजमधलं निदान बहुतेकदा दोन शब्दांत उरकतं : पंप गेला. कधी ते बरोबरही निघतं. पण पंप हा या यंत्रणेतला सगळ्यात सहज दिसणारा, चार बोल्ट काढले की हातात येणारा आणि दुकानात तयार मिळणारा भाग असल्यामुळे दुसऱ्यांची पापंही त्याच्याच माथी मारली जातात. पंप बदलणं ही दुरुस्तीची शेवटची पायरी असली पाहिजे. आणि पंप खरोखरच गेला असेल, तर तो कशानं गेला हे कळल्याखेरीज नवा बसवणं म्हणजे नुसता खर्च पुढं ढकलणं आहे.

लोडरवर बहुधा गिअर पंप असतो. दोन दात्यांची चाकं एकमेकांत अडकून फिरतात, दात्यांच्या मधल्या खाचांत तेल भरतं, ते बॉडीच्या कडेकडेनं पलीकडे नेलं जातं आणि मधे जुळलेले दाते त्याला परत येऊ देत नाहीत. (ग्रहांच्या कक्षा मांडणाऱ्या केप्लरनं सतराव्या शतकाच्या आरंभी खाणीतलं पाणी उपसायला असाच दोन चाकांचा पंप सुचवला होता. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही.) हा पंप तेल ढकलतो, प्रेशर बनवत नाही. प्रेशर तयार होतं ते समोरच्या अडथळ्यामुळे, म्हणजे बकेटमधल्या वजनामुळे, आणि ते किती चढू द्यायचं हे रिलीफ व्हॉल्व्ह ठरवतो. इथूनच पुढचा सगळा तपास सुटतो. समजा पंपाचं माप एका फेऱ्याला २० सीसी आहे आणि तो २००० आरपीएमवर फिरतोय. हिशेबानं मिनिटाला ४० लिटर तेल यायला हवं. नव्या पंपातही थोडं आतल्या आत मागं झिरपतं, ते वजा जाता ३६ लिटर धरू. उचलणारे दोन जॅक ६३ मिमी बोअरचे आणि ६०० मिमी स्ट्रोकचे असतील, तर दोन्ही भरायला साधारण पावणेचार लिटर तेल लागतं. म्हणजे बकेट जमिनीपासून पूर्ण वर जायला सव्वासहा सेकंद. या हिशेबात वजन कुठंच आलं नाही, हे ध्यानात घ्यावं. पंप धडधाकट असेल आणि इंजिनचे फेरे पडत नसतील, तर रिकामी बकेट आणि भरलेली बकेट जवळजवळ सारख्याच वेळात वर गेली पाहिजे.

याचा सरळ अर्थ असा, की निदानाचं पहिलं हत्यार प्रत्येकाच्या खिशात आहे. मोबाईलमधलं स्टॉपवॉच लावून एकदा रिकामी आणि एकदा भरलेली बकेट एकाच थ्रॉटलवर उचलून पाहावी, सकाळी थंड तेलावर आणि दुपारी तापलेल्या तेलावर. रिकामी सहा-सात सेकंदांत जाते आणि भरलेली दहा घेते, याचा अर्थ चाळीसपैकी अठराएक लिटर तेल जॅकपर्यंत पोचतच नाही, वाटेत कुठंतरी मागं पळतंय. दोन्ही वेळी सारखाच उशीर होत असेल, तर मात्र संशय वेगळीकडे जातो. तेल मुळात पंपात शिरतच नाही, म्हणजे सक्शनची जाळी, सक्शनचा पाइप किंवा टाकीतली पातळी. दुपारीच त्रास होतो याचंही कारण गूढ नाही. ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल ४० अंशांना ६८ इतकं दाट असतं म्हणून त्याला तो नंबर; ८० अंशांना ते पंधराच्या आसपास येतं. बारीक फटीतून होणारी गळती तेल जितकं पातळ तितकी वाढते. फटीच्या रुंदीचा परिणाम त्याहून भारी आहे, कारण गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वीस मायक्रॉनची फट झिजून चाळीसची झाली, की गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. म्हणूनच झिजलेला पंप बराच काळ काही दाखवत नाही आणि मग एकाच उन्हाळ्यात हात टेकतो.

पण तेल मागं पळतंय म्हणजे ते पंपातूनच पळतंय, असं अजून ठरलेलं नाही. लोडरला निदान दोन कामं असतात, बूम उचलणं आणि बकेट वळवणं. दोन्ही कामं ढिली पडली असतील तर दोष दोघांच्या सामाईक भागात आहे : पंप, सक्शन किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. बूम ढिली आणि बकेट मात्र खणखणीत वळतेय, तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. बूमच्या जॅकचं सील किंवा तिचा स्पूल, म्हणजे लिव्हरनं व्हॉल्व्हमध्ये सरकणारा दांडा, पाहावा. इंजिन बंद करून वर ठेवलेली बकेट हळूहळू खाली उतरते, ही तक्रार तर पंपावर ढकलणं निव्वळ अन्याय आहे. लिव्हर मधे असताना पंपाचं तेल व्हॉल्व्हमधून सरळ टाकीत जातं आणि जॅककडे जाणाऱ्या दोन्ही वाटा स्पूलनं अडवलेल्या असतात. तिथं पंपाचा संबंधच येत नाही. अशा वेळी जॅकच्या पिस्टनचं सील गेलं असं सरसकट सांगतात, पण तेही अर्धंच खरं. दोन्ही तोंडं नीट बंद असतील तर पिस्टनच्या पलीकडे झिरपलेल्या तेलाला रॉडच्या बाजूला पुरेशी जागाच मिळत नाही, कारण तिथली जागा रॉडनंच खाल्लेली असते. प्रेशर वाढतं आणि बकेट किंचित उतरून थांबते. ती उतरतच राहत असेल तर तेल त्या कोंडीतून बाहेर पडतंय, आणि बाहेर कुठं थेंब दिसत नसेल तर ते बहुधा झिजलेल्या स्पूलवरून टाकीकडे जातंय.

उरतो तो रिलीफ व्हॉल्व्ह. त्याच्या सीटवर धातूचा एक कण अडकला तरी तो वेळेआधी उघडतो आणि सगळी लक्षणं झिजलेल्या पंपासारखी दिसतात. इथं गेज लावल्याशिवाय गत्यंतर नाही. पंपाच्या आउटलेटला गेज जोडून, जॅक टोकाला नेऊन लिव्हर क्षणभरच धरायचा. जास्त धरला तर ती सगळी ताकद उष्णता बनून तेलात उतरते. आकडा कमी आला तर आधी रिलीफ खोलून साफ करावा, मग स्क्रू पाव फेरा फिरवून पाहावा. त्यासरशी आकडा चढला तर पंपात दम आहे. नाही चढला, तर पंपावरचा आरोप पहिल्यांदा पुराव्यानिशी उभा राहतो. मात्र स्क्रू आवळत जाऊन काम भागवणं हा आपल्याकडचा लाडका उपाय धोक्याचा आहे. १५० बारसाठी बांधलेल्या पाइपाला बारीक भोक पडलं, तर त्यातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते आणि पुढं शस्त्रक्रिया करावी लागते. गळती हातानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. आणि बकेट जमिनीवर टेकल्याखेरीज एकही नट सैल करायचा नाही.

यावर गॅरेजवाल्यांचं उत्तर ठरलेलं असतं आणि ते अगदीच चुकीचं नाही. गेज प्रत्येकाकडे नसतं. सीझनमध्ये लोडर एक दिवस उभा राहिला तर भाडं बुडतं आणि रोजंदारीची माणसं परत जातात. त्यापेक्षा नवा पंप टाकून मोकळं व्हावं, लागला तर लागला. वेळ महाग आहे, हे मान्य. पण स्टॉपवॉचची चाचणी आणि दोन कामांची तुलना यांना अर्धा तास पुरतो, आणि गेज, त्याचं फिटिंग, थोडा पाइप हा सगळा खर्च एका पंपापेक्षा कितीतरी कमी आहे. शिवाय ‘लागला तर लागला’ या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. दोष रिलीफमध्ये किंवा सक्शनमध्ये असेल, तर नवा पंप बसवल्यावर पहिले काही दिवस लोडर खरंच बरा चालतो, कारण नव्या पंपाची गळती कमी असते. मिस्त्रीला निदान बरोबर होतं असं वाटतं, मालकालाही वाटतं, आणि महिन्याभरात दोघं पुन्हा त्याच जागी येतात. चुकीच्या निदानाला थोडा काळ यश मिळतं, म्हणूनच ते इतकं टिकून आहे.

पंप खरोखर गेला असेल तर तो खोलून बघण्यासारखी दुसरी शिकवण नाही, आणि नेमकं तेच केलं जात नाही. जुना पंप भंगाराच्या डब्यात जातो. मागचं झाकण काढलं की आत दोन गिअर आणि त्यांच्या दोन्ही अंगांना इंग्रजी आठाच्या आकाराची बुशं दिसतात. बुशाच्या पाठीवर तीनच्या आकड्यासारखं वळलेलं रबरी सील असतं. आउटलेटचं प्रेशर या सीलच्या आत शिरून बुशाला गिअरवर दाबून धरतं, त्यामुळे बाजूची फट आपोआप मिटलेली राहते. म्हणजे पंप स्वतःच्याच प्रेशरवर स्वतःला घट्ट ठेवतो. हे सील कडक होऊन चिरलं असेल आणि बुशाचा चेहरा गुळगुळीत असेल, तर सील किट टाकून पंप पुन्हा उभा राहतो. बुशावर नखाला लागतील अशा गोल रेघा असतील, तर तेलातून माती किंवा धातूचा चुरा गेलेला आहे. रेघा नाहीत, पण सक्शनच्या बाजूला देवीच्या वणासारखे खड्डे पडलेत, तर पंपाला तेल कमी पडत होतं. पोकळीतले बुडबुडे फुटून धातू खाल्ला गेलाय. बॉडीत सक्शनच्या बाजूला गिअरनं घासून केलेला उथळ अर्धचंद्र मात्र सगळ्याच पंपांत असतो. प्रेशर गिअरना त्या बाजूला रेटतं म्हणून तो पडतो. त्याला पाहून घाबरायचं कारण नाही, तो खोल आणि खरबरीत झाला तरच बॉडी संपली असं समजावं.

माती येते कुठून? टाकीतली जाळी दीडशे मायक्रॉनच्या आसपास असते आणि पंपातल्या फटी त्याच्या दशांशाइतक्या. म्हणजे जाळी खडे अडवते, पंप झिजवणारी धूळ सरळ आत सोडते. ती धूळ डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’ या वाक्याला काही अर्थ नाही. जॅकच्या रॉडवरचं क्रोम उडालं आणि तोंडाचं वायपर सील फाटलं, की प्रत्येक खेपेला मुरमाची पूड तेलात येते. अनेक गावठी जोडण्यांत परतीच्या वाटेवर फिल्टरच नसतो. काहींत तर लोडरचं तेल गिअरबॉक्समधूनच घेतलेलं असतं. जुन्या मॅसी ट्रॅक्टरची घडण पाहिली तर हा मोह समजतो. त्याच्या लिफ्टचा पंप मागच्या हाउसिंगमध्येच, तेलात बुडालेला असतो, गिअर पंप नव्हे तर चार पिस्टनचा, आणि गिअरबॉक्स व लिफ्ट एकाच तेलावर चालतात. नांगर उचलायला तो पुरतो. दिवसभर बकेट वर-खाली करायला त्याचं तेल कमी पडतं, म्हणून पुढं वेगळा पंप बसवतात. पण तेल तेच राहिलं तर गिअरच्या दात्यांचा चुरा नव्या पंपाच्या वाट्याला येतो. सक्शनचा पाइप ही आणखी एक फसवी जागा. बाहेरून तो धडधाकट दिसतो, आतलं रबर सुटून तेल तापल्यावर ओढीनं मिटतं. अशा वेळी पंप एका सुरात किंचाळतो. सांध्यातून हवा ओढली जात असेल तर आवाज खरबरीत येतो आणि टाकीत फेस होतो. काचेच्या ग्लासात घेतलेलं दुधाळ तेल तासाभरात निवळलं तर ती हवा, नाही निवळलं आणि तापलेल्या तव्यावर त्याचा थेंब तडतडला तर पाणी.

दुरुस्ती की बदल, हा प्रश्न आता सोपा होतो : बॉडी आणि गिअर चांगले असतील तर किट, नाहीतर नवा. सील किटनं धातू भरून येत नाही. नवा घेताना मात्र ‘थोडा मोठा टाका, ताकद वाढेल’ या सल्ल्यापासून सावध राहावं. ताकद प्रेशर आणि जॅकच्या बोअरवर ठरते; पंप मोठा केला तर फक्त वेग वाढतो. २० सीसीचा पंप २००० फेऱ्यांवर, १५० बारला इंजिनकडून साधारण १३ एचपी मागतो. ३३ सीसीचा २२. पस्तीस एचपीच्या जुन्या इंजिनकडे ट्रॅक्टर ढकलायला मग काय उरतं? दुसरी गोष्ट फिरण्याची दिशा. बहुतेक पंप एकाच दिशेचे असतात. उलट्या दिशेचा बसवला तर शाफ्टच्या ऑइल सीलवर सगळं प्रेशर येतं आणि ते उडतं, मग दोष ‘डुप्लिकेट मालाला’ दिला जातो. कपलिंग हातोडीनं ठोकून बसवलं तर गिअर आतल्या बुशावर आदळतो, म्हणजे पंप सुरू होण्याआधीच जखमी होतो. पट्टा थेट पंपाच्या शाफ्टवर चढवला तर ओढीचा बाजूचा भार त्या बुशांना सोसत नाही. त्यासाठी बाहेर वेगळं बेअरिंग हवं.

बसवण्याआधी टाकी धुवावी, पाइप उलटे करून तेल काढून टाकावं, जॅकमध्ये उरलेलं घाण तेलही विसरू नये, आणि परतीच्या वाटेवर फिल्टर नसेल तर याच वेळी टाकून घ्यावा. नव्या पंपात तेल भरून, रिलीफ सैल ठेवून, आयडलवर काही मिनिटं रिकामा फिरवावा आणि मग गेज बघत बघत रिलीफ ठरलेल्या आकड्यावर आणावा. पहिल्या काही तासांतच फिल्टर एकदा बदलावा, कारण सुटलेली घाण तेव्हाच वाहून येते. मग तेल तापल्यावर स्टॉपवॉच लावून दोन आकडे घ्यावेत, रिकाम्या बकेटचा आणि भरलेल्या बकेटचा, आणि ते मडगार्डच्या आतल्या बाजूला तारखेसह ऑइल पेंटनं लिहून ठेवावेत. पुढच्या उन्हाळ्यात लोडर कुंथायला लागला, तर मिस्त्रीला तेच आकडे आधी दाखवावेत.